आधी थैली, मग टोपी

रामटेके काकूंची आणि आमची ओळख झाली ती त्यांनी माझ्या आईच्या हातातली पिशवी हिसकावून घेतली तेव्हा.

आई त्या वर्षी पहिल्यांदाच अमेरिकेत आली होती. सहा महिन्यांच्या मुक्कामातले पहिले दोन तिने आमच्या बाल्कनीत बसून समोरच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजण्यात घालवले. कुडाळजवळच्या खेड्यात जन्म काढलेली बाई. शेत, गोठा, परस, सकाळपासून हाताला काम. इथे तिला भाजीसुद्धा चिरून डब्यात मिळत होती. शेवटी एका शनिवारी, तिच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून, मी तिला गावामागच्या डोंगरावर घेऊन गेलो. मला स्वतःला चालण्याची मुळीच आवड नाही, हे इथेच सांगून टाकतो.

कॅलिफोर्नियातला हा डोंगर कोकणाच्या बरोबर उलटा वागतो. मे महिन्यात वाळून पिवळा होतो, पुढे चार-पाच महिने थेंब पडत नाही, आणि ऐन थंडीत पाऊस सुरू झाला की हिरवागार होतो. पार्कच्या फाटकावर पाटी आहे, की इथलं हवामान भूमध्य समुद्राकाठच्या डोंगरांसारखं आहे. मी ती आईला वाचून दाखवली. "पौषात कसला पाऊस?" आई म्हणाली. पाटी लिहिणाऱ्याचंच काहीतरी चुकलंय असा तिचा सूर होता.

आठवडाभर पाऊस पडून गेला होता. ओक झाडांखाली पाचोळा भिजून मऊ झाला होता, आणि त्या पाचोळ्यातून पांढरी, गुबगुबीत, अंड्यांसारखी डोकी वर आली होती. आई थबकली. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं. "अरे, अळंबी!" म्हणाली, आणि साडीवर माझी जुनी हूडी घातलेली ती बाई भराभर वाकून वेचायला लागली. मी खिशातली पिशवी काढून तिच्या हातात दिली. संध्याकाळी कांदा-खोबऱ्याचं वाटप लावून करू, म्हणाली. मला पाणी सुटलं होतं.

तेवढ्यात वरच्या वळणावरून एक ठेंगणी बाई काठी टेकत जवळजवळ धावतच खाली आली. पंजाबी ड्रेस, त्यावर पार्कच्या स्वयंसेवकांचं हिरवं जॅकेट, डोक्याला कानटोपी. आधी तिने इंग्रजीत हाक मारली, मग आईची साडी बघून मराठीत.

"थांबा न बाप्पा! काहून तोडता? इथून काही न्यायचं नाही, पार्कचा नियम आहे."

"अहो, अळंबी आहे ती," आई म्हणाली. "रानात येते, रान काय कोणाच्या बापाचं?"

"तुमच्याकडची ती ही नाही."

"मी लहानपणापासून वेचत आलेय."

"मीही," त्या म्हणाल्या, आणि पिशवी ओढून घेतली. दगडावर सगळी उपडी केली. एक उचलून बोटांनी तळाकडची माती झाडली. तिथे फाटक्या पिशवीसारखा पांढरा कोष होता, आणि त्यातून दांडा वर आला होता.

"ही थैली पाहा. तुमच्या अळंबीला थैली असते का? तिला खाली लांब मूळ असतं, ते वारुळात जातं. इथे वारूळ कुठे आहे, दाखवा मला."

आईने इकडेतिकडे बघितलं. वारूळ खरंच नव्हतं. पण वाटेवरच्या चार परक्या लोकांसमोर हातातली पिशवी ओढली गेली होती, तो अपमान मोठा होता. गाडीत बसल्यावर ती तणतणत होती. "ह्या बायेक काय कळता? माका शिकवतत!"

घरी येऊन मी फोनवर शोधलं. डेथ कॅप. मी वाचत गेलो आणि आई ऐकत गेली. चवीला चांगली लागते म्हणतात. शिजवून विष जात नाही. त्रास लगेच होत नाही, आठ-दहा तासांनी होतो. मध्ये एखादा दिवस बरं वाटतं, आणि मग लिव्हर जातं. आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यापाशी नुसती उभी राहिली. मला आधी वाढल्याशिवाय ती कधीच जेवत नाही, हे आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं असावं. 

पुढच्या शनिवारी सकाळी सात वाजता ती बूट घालून दारात तयार होती. "चल," म्हणाली, "त्या बाईकडे."

काकू मूळच्या ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यातल्या. त्या भागात अळंबीला सात्या म्हणतात. नागपूरला बॉटनीत एमएस्सी केलं, लग्न करून इथे आल्या, एका लॅबमध्ये नोकरी केली आणि निवृत्त झाल्या. पण ही झाली माहिती. काकू त्या माहितीत सापडायच्या नाहीत. काकू सापडायच्या शनिवारी सकाळी साडेसातला, फाटकापाशी, हातात बांबूची काठी घेऊन. काठीच्या टोकाला औषधांच्या दुकानातल्या कुबडीचं रबर बसवलेलं. ती काठी त्या आधारासाठी वापरत नसत, पाचोळा बाजूला सारायला आणि बेशिस्त माणसांच्या पोटरीवर हळूच मारायला वापरत.

त्यांची शनिवारची फेरी खास आमच्या लोकांच्या आई-वडिलांसाठी होती. सहा महिन्यांसाठी आलेले, कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसून कंटाळलेले, नातवंडांचं इंग्रजी न कळणारे आई-वडील. पुण्याचे, नागपूरचे, नाशिकचे, कराडचे. काकूंचं म्हणणं असं, की या डोंगरात धोका अमेरिकन माणसाला नाही, तो पाचोळ्यात उगवलेल्या कशालाच हात लावत नाही. धोका आहे तो ज्याला आपल्या गावचं रान ओळखता येतं त्याला. "ज्याला काही येत नाही तो वाचतो," त्या म्हणायच्या. "ज्याला येतं, त्याचाच हात पुढे जातो."

फेरीची सुरुवात कवायतीने व्हायची. डोंगरात पहाडी सिंह आहेत. दिसत नाहीत, पण आहेत. समोर आला तर पळायचं नाही, मोठं दिसायचं आणि ओरडायचं. म्हणून काकू सगळ्यांना ओळीत उभं करून हात वर करायला लावायच्या. बायका पदर दोन्ही हातांनी पसरून उभ्या राहायच्या, पुरुष जॅकेट उघडून. आणि मग ओरडायचं. जोशी काका म्हणून एक होते, पुण्याच्या सोसायटीत अनेक वर्षं चेअरमन होते. ते ओरडायचे, "कोण आहे रे तिकडे!" तो आवाज ऐकून सिंह मेंटेनन्स भरून गेला असता.

काकूंनी डोंगरातल्या सगळ्यांना मराठी नावं दिली होती. एक सुतार पक्षी ओकच्या खोडाला शेकडो भोकं पाडून प्रत्येकात एकेक ओकफळ ठोकून ठेवतो, त्याचं नाव कोठीवाला. पिवळीधमक, वीतभर लांबीची गोगलगाय, शंख नसलेली, ती केळीबाई. निळा, भांडखोर, दुसऱ्याची कोठी लुटणारा पक्षी तो पुढारी. तीन-तीन पानांची एक वेल आहे, शरद ऋतूत लालभडक होते, आणि अंगाला लागली की पंधरा दिवस खाज सुटते. एकदा एक नवं लग्न झालेलं जोडपं तिच्यात उभं राहून गळ्यात गळे घालून फोटो काढत होतं. काकूंनी लांबून बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "काढू द्या. आता सांगून काही उपयोग नाही. फोटो तरी नीट येऊ दे."

आणि डेथ कॅप? तिला त्या 'पाहुणी' म्हणायच्या.

"ही इथली नाही," त्या सांगायच्या. "युरोपातून आली. कोणीतरी झाडं आणली, त्यांच्या मुळांना धरून आली. आली ती आलीच. ग्रीन कार्ड घेऊन बसली, इथल्या ओकसोबत संसार थाटला तिने. आपल्यासारखीच. फक्त तिला कोणी ओळखत नाही न, म्हणून घात होतो."

मग काठीने पाचोळा सारून सगळ्यांना वाकायला लावायच्या. "टोपी पाहू नका. टोपी फसवते. उन्हात वेगळी, पावसात वेगळी, लहानपणी वेगळी. आधी थैली, मग टोपी. म्हणा."

सगळे म्हणायचे. आमच्या शेजारच्या देशपांड्यांचा सात वर्षांचा नातू त्या सगळ्यांत जोरात म्हणायचा. त्याला तेवढं एकच मराठी वाक्य बिनचूक येत होतं.

एकदा साताऱ्याच्या एक आजी म्हणाल्या, "आमच्यात भाजीत लसणीची पाकळी टाकतात. काळी पडली तर विषारी."

काकू म्हणाल्या, "आजी, लसणाला काही कळत नाही हो. तो बिचारा भाजीतच शिजून जातो. थैली पाहा."

"आणि खात्री नसेल तर?"

"खात्री नाही म्हणजे नाही. घरी वरण-भात आहे न?"

पहिल्या मोठ्या पावसात संध्याकाळी डोंगरातल्या रस्त्यावरून नारिंगी पोटाचे, सरड्यासारखे न्यूट तळ्याकडे निघतात. मंद चालीने. गाड्यांखाली चिरडतात. त्या दिवशी काकूंचा फोन यायचा, "ये, आणि घरातले डबे घेऊन ये." ऑफिसातून थेट आलेले आम्ही दहा-बाराजण छत्र्या धरून रस्त्याच्या कडेला उभे, आणि हातात स्टीलच्या डब्यांची झाकणं. एकेका न्यूटला झाकणावर चढवून पलीकडे पोचवायचं. त्यांच्या कातडीत विष असतं, म्हणून हात तोंडाला लावायचा नाही. एका बड्या कंपनीतला आर्किटेक्ट आपल्या कॉफीच्या मगमध्ये न्यूट घेऊन चालला होता आणि त्याला सारखं म्हणत होता, "यार, जरा को-ऑपरेट कर ना." काकू रस्त्याच्या मधोमध काठी आडवी धरून गाड्या थांबवायच्या. थांबलेल्या गाड्यांतले लोक चिडायचे नाहीत. त्या उंचीच्या बाईवर चिडायचं कसं, हे कोणालाच कळत नसावं.

दसऱ्याच्या आसपासच्या शनिवारी आम्ही रेडबडच्या झाडाशी जायचो. वसंतात त्याला जांभळी-गुलाबी फुलं येतात आणि पानं असतात हृदयाच्या आकाराची. "हा आपट्याचा चुलतभाऊ," काकू सांगायच्या. "खरंच सांगून राहिली. एकाच कुळातले." हे ऐकल्यावर सगळ्यांचे हात पानांकडे जायचे, आणि काठी आडवी यायची. "सोनं झाडावरच राहू द्या." मग एकेकाने पानाला नुसता हात लावायचा आणि तो हात दुसऱ्याच्या हातात द्यायचा. झालं सोनं. काकूंचा दसरा निराळा, त्या दिवशी त्या पांढरी साडी नेसून घरी बुद्धवंदना करायच्या, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्यांच्याकडे आम्ही सगळे खीर खायला जायचो. पण रेडबडची ही रीतही त्यांचीच. आमच्या आईला ती इतकी आवडली की तिने कुडाळलाही सुरू करायचा प्रयत्न केला. तिकडे तिला कोणी दाद दिली नाही.

आता त्या खिरीचं सांगतो. काकूंची एक सवय आम्हा सगळ्यांनाच विचित्र वाटायची. त्यांच्या घरी जेवायला गेलं, किंवा कुठे पॉटलकला त्या काही करून घेऊन आल्या, की झाकण काढल्याबरोबर त्या आधी स्वतः एक चमचा खायच्या. उभ्याउभ्याच. चव बघतात तसं जिभेला लावून नव्हे, चांगला मोठा घास. मग जरा थांबायच्या आणि तेव्हाच दुसऱ्यांना वाढायच्या. रामटेके काका, त्यांचे यजमान, पाण्याच्या खात्यातून निवृत्त झालेला एक भला मोठा, सावकाश माणूस. ते हात मांडीवर ठेवून वाट बघत बसायचे आणि काकूंनी घास गिळला की विचारायचे, "परवानगी?" मग आमच्याकडे बघून, "आमच्याकडे राजाच्या आधी राणी जेवते." सगळे हसायचे. काकूसुद्धा हसायच्या, पण अर्धंच.

आईला हे मुळीच पटायचं नाही. "पाहुण्यांच्या आधी जेवते," ती मला घरी येऊन म्हणायची. "शिकलेली बाई आहे, पण ही कुठली रीत?" मी म्हणायचो, भूक लागत असेल. दुसरी एक गोष्टही आमच्या लक्षात आली होती, पण आम्ही दोन्हींचा मेळ घातला नाही. काकू मश्रूम खात नसत. पिझ्झ्यावरचेसुद्धा वेचून बाजूला काढायच्या. विकतचे, दुकानातले. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "नाही आवडत." सात्यांचं वर्णन करताना त्यांचा आवाज कसा व्हायचा ते मी ऐकलं होतं, त्यामुळे ते खोटं आहे एवढं मला कळत होतं.

काका फेरीत नेहमी सगळ्यांत शेवटी चालायचे. स्वतःला शेपूट म्हणवायचे. कोणी मागे राहिलं तर त्यांच्यासोबत राहायचे. ते गेले ते झोपेत, हृदयाने. तोवर आई एक वर्षाआड येत होती आणि त्या वेळी इथेच होती. मधला एक शनिवार चुकला आणि दहाव्या दिवशी पुढचा आला. आम्हाला वाटलं फेरी कॅन्सल होणार. साडेसातला काकू फाटकापाशी होत्या. कवायत झाली, सिंहाला ओरडून झालं, चालायला लागलो. पहिल्या वळणावर काकूंनी सवयीने मागे वळून बघितलं, शेवटी कोण आहे ते. शेवटी माझी आई होती. ती कोणाला न सांगता स्वतःच मागे जाऊन राहिली होती. काकूंनी मान हलवली आणि पुढे निघाल्या. मला त्या क्षणी दोघींबद्दलही फार प्रेम वाटलं.

त्यानंतरच्या दोन वर्षांत काकूंची शिकवण्याची पद्धत जरा बदलली, असं आम्हाला वाटलं. त्या आता मुलांना विचारायच्या, "रंग सांग बरं." बोटांनी चाचपून बघायच्या. टोपीखालच्या पापुद्र्यांवरून नख फिरवायच्या, वास घ्यायच्या. ओकखाली येणारी एक पिवळी, जर्दाळूच्या वासाची मश्रूम त्या डोळे मिटून ओळखायच्या, आणि मुलं टाळ्या वाजवायची. मलाही ती गंमतच वाटली. मग एक दिवस त्यांनी मला घरी चहा दिला आणि किटलीतला चहा कपाच्या बाहेर ओतला. ओतत राहिल्या.

मी त्यांचा हात धरला. त्या खाली बसल्या.

"डोळ्यांत डाग आला आहे," म्हणाल्या. "मधोमध. कडेचं सगळं दिसते. ज्याच्याकडे पाहावं, नेमकं तेच दिसत नाही."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"हळूहळू वाढेल म्हणतात. ऐक, कोणाला सांगू नको. एवढा एक पावसाळा करू दे मला. बोटांना कळते अजून."

 फेरी बंद झाली तर काकूंकडे काय उरणार होतं? काका नव्हते, लेक विमानाने चार तासांवर, नेपरव्हिलला. मी गप्प राहायचं कबूल केलं. पण मला बरं वाटत नव्हतं. पार्कातून कोणी काही घरी नेत नसलं, तरी काकूंचा शब्द सगळे घरी नेत होते. इथे प्रत्येकाच्या मागच्या अंगणात एक तरी ओक आहे. काकू ज्याला चालेल म्हणतील, ते कोणीतरी कधीतरी शिजवणार. हे मला कळत होतं, त्यांना तर माझ्याहून जास्त कळत होतं.

तो जानेवारीचा शनिवार होता. आई त्या हिवाळ्यात आलेली होती. चौदा-पंधरा माणसं, वरच्या पठाराजवळचा मोठा ओक, रात्रभर पाऊस पडून गेलेला. सोलापूरच्या एक नव्या बाई होत्या, त्यांनी पाचोळ्यातल्या एका मश्रूमकडे बोट दाखवून विचारलं, "ही कोणती? आमच्या अंगणात अशी खूप आलीये."

काकू वाकल्या. टोपीला हात लावला, कडेवरून बोट फिरवलं, वास घेतला. हवेत गारठा होता, त्यांची बोटं लालसर झाली होती. जरा वेळाने म्हणाल्या, "ही साधी आहे. हिला भिऊ नका."

सोलापूरच्या बाईंनी मान डोलावली. पुढे निघायला सगळे वळले. मला तर तीही नेहमीसारखीच मश्रूम दिसत होती, मला कधीच काही ओळखता येत नाही. पण मागून आई पुढे आली. गुडघ्यांवर बसली आणि दोन बोटांनी माती उकरली.

"ताई," ती म्हणाली, अगदी हळू, "तळाक पिशवी आसा."

वळलेले सगळे थांबले. काकू पुन्हा खाली बसल्या. आईने त्यांचं बोट धरून त्या कोषावर ठेवलं. त्यांनी तो चाचपला, एकदा, दोनदा. टोपी त्यांनी आधी बघितली होती. थैली बघितलीच नव्हती.

त्या पडलेल्या एका खोडावर जाऊन बसल्या. हिरवं जॅकेट काढलं, घडी केली, मांडीवर ठेवलं.

"या, बसा सगळे," म्हणाल्या. "एक सांगायचं राहिलं तुम्हाला."

आणि त्यांनी सांगितलं. इथे आल्यानंतरचा पहिला हिवाळा. भाड्याच्या घरामागे ओक होता. पावसानंतर त्याखाली पांढरी अंडी वर आली. "मी बॉटनीत एमएस्सी. आईसोबत रानात फिरलेली. मला कोण शिकवणार? सात्या दिसल्या म्हणून आनंदानं वेडी झाली मी. वेचून आणल्या, भाजी केली. आधी ह्यांना वाढली. आपल्यात आधी बाई जेवत नाही न? त्यांनी दोनदा घेतली. माझ्यासाठी उरलीच नाही."

जोशी काका खाली बघत होते.

"रात्री उलट्या. मग एक दिवस बरं वाटलं. मी म्हटलं, चला, पोट बिघडलं होतं. तो दिवस फसवा असतो. मग पिवळे पडले. तीन आठवडे दवाखान्यात होते. वाचले. डॉक्टरांना सांगितलं सगळं, पण आपल्या लोकांना म्हणाले, बाहेर काहीतरी खाल्लं. बॉटनीवाल्या बायकोचं हसू नको व्हायला. शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही त्यांनी. त्या दिवसापासून माझ्या हातचा पहिला घास मी खाते." त्यांनी सोलापूरच्या बाईंकडे तोंड वळवलं. "बाई, मी आता चुकली. तुमच्या अंगणातली ती पाहुणी आहे. तिला हात लावू नका. आणि आजपासून माझ्या शब्दावर जाऊ नका."

मला वाटलं मी बोलावं. मला डोळ्यांचं माहीत होतं, मी गप्प बसलो होतो, म्हणजे चूक माझीही होती. तेवढं मी कसंबसं सगळ्यांसमोर बोललो. त्याने फारसा फरक पडला नाही. काकू खोडावर बसून घडी केलेल्या जॅकेटवरून हात फिरवत होत्या, आणि पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या दिसल्या.

आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तिला समजूत घालता येत नाही, कधीच आली नाही. ती त्यांच्यावर जवळजवळ ओरडलीच.

"माझो झील वाचलो, तो कोणामुळे?"

झील म्हणजे मी. काकूंनी माझ्या दिशेने बघितलं, जरा बाजूला, म्हणजे मी त्यांना दिसेन असं.

त्यानंतर फेरी बंद झाली नाही. पुढचे शनिवार आई पुढे आणि काकू सगळ्यांत मागे, काकांच्या जागी. आई मालवणीत सांगायची, देशपांड्यांचा नातू इंग्रजीत आणि मध्येच मराठीत, आणि थैली कुठे दिसली की काकूंना पुढे बोलावून बोट लावून द्यायचे. पण मार्चमध्ये आईचं परतीचं तिकीट होतं, आणि काकूंची लेक त्यांना नेपरव्हिलला घेऊन जायला येणार होती. तिकडे बर्फ पडतो, काकू म्हणाल्या, बर्फात काही उगवत नाही, बरंय.

निघायच्या आधी आईने त्यांना जेवायला बोलावलं. मला दुकानात पाठवून मश्रूमचे दोन डबे आणवले, ते पांढरे, बटणासारखे, कुठेही मिळतात ते. मी म्हटलं, "आई, काकू खात नाहीत." आई म्हणाली, "माका ठाऊक आसा." कांदा-खोबरं भाजून वाटप केलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. रिकामे डबे मी कचऱ्यात टाकायला निघालो तर मला अडवलं आणि लेबलासकट ओट्यावर ठेवले.

काकू आल्या, टेबलाशी बसल्या. वास ओळखला. त्यांची पाठ ताठ झाली. आईने त्यांच्या पुढ्यात ताट ठेवलं, आणि मग उभ्याउभ्याच, स्वतःच्या हाताने, कढईतला एक मोठा घास घेतला. चावला, गिळला. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

काकूंनी तोंड तिच्याकडे वळवलं. "किती वेळ थांबायचं?"

"तुम्ही थांबतास तेवढाच."

आम्ही तिघं थांबलो.  मग काकूंनी ताटातला एक तुकडा उचलला, रस्सा लागलेल्या बोटांनी उलटा केला, अंगठ्याने तळ चाचपला. थैली नव्हती. दुकानातल्या मश्रूमला कुठून असणार? त्यांना स्वतःचंच हसू आलं. तो तुकडा त्यांनी भाकरीत घेतला आणि तोंडात घातला. डोळे मिटून बराच वेळ चावत राहिल्या.

"मीठ कमी आहे, सुमनताई," त्या म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला.

आई मीठ आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मीठ टेबलावरच होतं.